शालेय मार्गदर्शन व समुपदेशन : एका अपुऱ्या वचनाचा इतिहास

शाळांच्या स्मरणिकांतून इमारतींची, निकालांची, मुख्याध्यापकांच्या कारकिर्दींची आणि देणगीदारांची नोंद बहुधा काटेकोरपणे केलेली आढळते. एका गोष्टीची नोंद मात्र क्वचितच सापडते. निकालपत्र हाती घेऊन ‘पुढे काय?’ असे विचारणाऱ्या मुलाला शाळेत उत्तर कोणी दिले, कोणत्या खोलीत बसून दिले आणि त्या कामासाठी त्या व्यक्तीला आठवड्यातून किती तासिका मोकळ्या मिळत होत्या, हे कोणत्याही वार्षिक अहवालात लिहिलेले नसते. याचा अर्थ हा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता असा नाही. भारतात तो सुचून आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्यावर समित्या बसल्या, आयोगांनी शिफारशी केल्या, संस्था निघाल्या. तरीही मार्गदर्शन आणि समुपदेशन यांचा शाळेतील इतिहास हा मुख्यत्वे दिलेल्या आणि अर्धवट पाळलेल्या शब्दाचा इतिहास आहे.

मुळात ‘तू कोण होणार?’ हा प्रश्नच आपल्याकडे नवा. बलुतेदारीच्या गावगाड्यात सुताराच्या मुलाला तो कोणी विचारला नाही आणि कुलकर्ण्याच्या मुलालाही नाही; दोघांची उत्तरे जन्माआधीच ठरलेली असत. मुलींच्या बाबतीत तर प्रश्नाचा संभवच नव्हता. इंग्रजी अमदानीतील शाळेने वडिलार्जित धंदा आणि मुलाचे भवितव्य यांमधली गाठ सैल केली, पण सुटलेल्या दोरीचे दुसरे टोक कोठे बांधायचे हे मात्र तिने सांगितले नाही. मॅट्रिक झालेला मुलगा कारकुनीच्या अर्जाशिवाय दुसरे काही लिहू शकत नाही, ही त्या काळची तक्रार या पोकळीतून जन्मली.

पाश्चात्त्य देशांतही ही पोकळी उद्योगीकरणाने निर्माण केली होती. अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले, ते स्थलांतरित आणि गरीब वस्त्यांतील तरुणांसाठी. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. त्यांची मांडणी साधी होती. आधी स्वतःची ओळख करून घ्यावी, मग कामाच्या जगाची माहिती मिळवावी आणि या दोहोंची सांगड विचारपूर्वक घालावी. आज व्यवसाय मार्गदर्शनाच्या नावाने जे काही चालते, त्याचा सांगाडा अजूनही हाच आहे.

भारतात ‘स्वतःची ओळख’ ही पहिली पायरीच अवघड ठरली, कारण ओळख करून घेण्याची साधने परक्या मुलांसाठी घडविलेली होती. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची जी श्रेणी तयार केली, तिचे पुढे सर्वत्र अनुकरण झाले. पण पॅरिसच्या मुलाला नाणी ओळखायला सांगणे आणि आणे-पैची सवय असलेल्या मुलाला तीच नाणी दाखविणे यांत महदंतर आहे. लाहोरच्या फोर्मन ख्रिश्चन महाविद्यालयातील सी. एच. राईस यांनी १९२२ मध्ये बिनेच्या श्रेणीचे हिंदुस्थानी रूप सिद्ध केले. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काम धारवाडला झाले. व्ही. व्ही. कामत यांनी ही श्रेणी कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांतील मुलांसाठी प्रमाणित केली आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत कसोटी’ या नावाने ती पुढे देशभर वापरली गेली आणि आजही अनेक चिकित्सालयांत तिचे नाव ऐकू येते.

कामतांच्या या कामाकडे केवळ मानसशास्त्राच्या इतिहासातील एक टीप म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. एका गल्लीत मराठी आणि शेजारच्या गल्लीत कन्नड बोलणारी मुले एकाच शाळेच्या फाटकातून आत जात. मुलाला समजून घ्यायचे तर त्याच्या घरच्या भाषेतच विचारले पाहिजे, हे तत्त्व कामतांनी भाषणात न मांडता प्रश्नावलीत उतरविले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने धारवाड-बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १९६० मध्ये बडोदे गुजरातेत. तेथील मराठी शाळा जागच्या जागी राहिल्या. त्यांच्यावरचे शिक्षण खाते तेवढे बदलले. या शाळांतील मुलाच्या मार्गदर्शनाचा प्रश्न त्या दिवसापासून दुहेरी झाला. त्याविषयी पुढे लिहावे लागेल.

संस्थात्मक काम सुरू झाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. कलकत्ता विद्यापीठात १९३८ मध्ये उपयोजित मानसशास्त्राचा विभाग निघाला आणि तेथे व्यवसाय मार्गदर्शनाविषयी संशोधन होऊ लागले. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांच्या नावाचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू झाले. १९४७ मध्ये पारशी पंचायतीने स्वतःचे केंद्र काढले आणि डॉ. एच. पी. मेहता यांच्याकडे त्याची धुरा आली. हे दोन्ही उपक्रम सरकारी नव्हते. आपल्या समाजातील तरुणांनी काय शिकावे याची चिंता एका लहानशा, सुशिक्षित समाजाने वाहिली आणि त्यासाठी पैसा उभा केला. इतर समाजांनी त्याच काळात वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांवर भर दिला. ते आवश्यकच होते, परंतु वसतिगृहात राहण्याची सोय झालेल्या मुलाने कोणता अभ्यासक्रम घ्यावा, हे सांगणारा माणूस बहुधा त्या वसतिगृहाचा अधीक्षकच असे.

शासनाच्या पातळीवर संयुक्त प्रांताने पुढाकार घेतला. आचार्य नरेंद्र देव समितीने १९३९ मध्ये केलेल्या शिफारशीस अनुसरून १९४७ मध्ये अलाहाबादला मानसशास्त्र केंद्र स्थापन झाले. या केंद्राचे संचालक सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेली कृतिप्रधान कसोटी विशेष उल्लेखनीय आहे, कारण ती लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलांनाही देता येत असे. ठोकळे मांडणे, आकृती काढणे, चित्राचे तुकडे जुळविणे अशा कृतींतून ती मुलाची क्षमता पाही. मुंबई राज्याने १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले. मराठी, गुजराती आणि कन्नड असे तिन्ही भाषांचे जिल्हे तेव्हा त्या राज्यात होते. पुढे तेच केंद्र व्यवसाय मार्गदर्शन संस्था म्हणून वाढले आणि महाराष्ट्रातील शिक्षकांच्या कित्येक पिढ्या त्यास ‘व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था’ या नावाने ओळखत आल्या.

यानंतर आला मुदलियार आयोग. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ मध्ये अहवाल दिला. माध्यमिक शिक्षण म्हणजे विद्यापीठाची पायरी ही समजूत मोडावी, म्हणून आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात गट त्या शाळांत असावेत, असे सुचविले. सात दारे उघडली की कोणत्या दाराने जावे हे विचारायला कोणीतरी हवे, हे ओघानेच आले. म्हणून प्रशिक्षित मार्गदर्शन अधिकारी आणि व्यवसाय मार्गदर्शक शिक्षक क्रमाक्रमाने सर्व शाळांना मिळावेत आणि त्यांच्या प्रशिक्षणाची केंद्रे केंद्र सरकारने निरनिराळ्या विभागांत काढावीत, अशी शिफारसही अहवालात आली. १९५४ मध्ये केंद्रीय शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शन केंद्र स्थापन झाले. १९६१ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा जन्म झाल्यावर ते काम परिषदेकडे गेले. दुसरीकडे, युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये उभारलेल्या सेवायोजन यंत्रणेतही शिवराव समितीच्या शिफारशीनंतर व्यवसाय मार्गदर्शनाचा कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे पन्नाशीच्या दशकाअखेर कागदावर सारे सिद्ध होते.

प्रत्यक्षात बहुउद्देशीय शाळांना कार्यशाळा, यंत्रे आणि तांत्रिक विषयांचे शिक्षक पुरेसे मिळाले नाहीत. पालकांनाही सातापैकी दोनच दारे खरी वाटत होती. दारेच बंद झाली तेव्हा द्वारपालाची गरज कोणाला वाटावी? ‘करिअर मास्टर’ हे बिरूद भूगोलाच्या किंवा इंग्रजीच्या एखाद्या उत्साही शिक्षकाच्या नावापुढे लागले. त्यांनी एक फलक टांगला, सेवायोजन कार्यालयाची पत्रके त्यावर डकविली, वर्षातून एकदा ‘व्यवसाय सप्ताह’ साजरा केला आणि उरलेला सर्व काळ आपले नेहमीचे तास घेतले. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अनेक मुलांचे आयुष्य अशा शिक्षकांनी जागेवर आणले. पण स्वतंत्र पद मंजूर नाही, तासिकांत सूट नाही आणि बंद दाराआड बोलता येईल अशी खोलीही नाही, अशा अवस्थेत सारे काम व्यक्तीच्या पुण्याईवर चालले. ती व्यक्ती निवृत्त झाली की फलक कोरा होई.

आज हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळा जन्मल्या, त्याच सुमारास या विषयातील सर्वांत विचारी दस्तऐवज तयार होत होता. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग १९६४ मध्ये नेमला गेला आणि जून १९६६ मध्ये त्याने अहवाल सादर केला. कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. मार्गदर्शन ही शिक्षणाच्या कडेकडेने चालणारी मानसशास्त्रीय सेवा नसून शिक्षणाचेच अंग आहे, ते केवळ अडखळणाऱ्या मुलांसाठी नसून सर्वांसाठी आहे आणि त्याचा आरंभ प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून व्हावा, ही आयोगाची भूमिका होती. देशाची ऐपत ओळखून त्याने किमान कार्यक्रमही सांगितला. दर दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, प्रत्येक जिल्ह्यात निदान एका शाळेत परिपूर्ण मार्गदर्शन योजना चालावी आणि साधी कामे शिक्षकांनीच करावीत.

दहा शाळांमागे एक. आजच्या दृष्टीने ही मागणी किती माफक होती, हे कळण्यासाठी हिशेब फार करावा लागत नाही. पंधरवड्यातून एखादा दिवस समुपदेशक शाळेत येणार, एवढेच ते स्वप्न. बहुसंख्य शाळांत तेही उतरले नाही. आयोगाच्या इतर शिफारशींतील शिक्षणाचा आकृतिबंध मात्र स्वीकारला गेला आणि त्यातून एक विपरीत योग घडला. महाराष्ट्रात १९७२ पासून दहा वर्षांच्या शालेय शिक्षणाची नवी योजना अमलात आली व मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. आधी अकरावीच्या अखेरीस घ्यावयाचा निर्णय आता पंधरा वर्षांच्या मुलावर येऊन पडला. कला, वाणिज्य, विज्ञान, आयटीआय की तंत्रनिकेतन, हे एका जून महिन्यात ठरू लागले. निर्णयाचे वय अलीकडे आले, आणि निर्णयास साहाय्य करणारा माणूस आहे तेथेच, म्हणजे कागदावर, राहिला. त्या जागी गुणांची टक्केवारी बसली. नव्वदच्या वर विज्ञान, त्याखाली वाणिज्य आणि उरलेल्यांना कला, या उतरंडीला मार्गदर्शन म्हणणे म्हणजे तराजूला वैद्य म्हणण्यासारखे आहे.

शासनाला याची जाणीव नव्हती असे नाही. महाराष्ट्रात २०१६ पासून दहावीच्या विद्यार्थ्यांची ‘कल चाचणी’ घेण्यात आली. लक्षावधी मुलांची आवड एकाच वेळी तपासण्याचा तो प्रयत्न धाडसी होता. परंतु चाचणी म्हणजे संभाषणाचा आरंभ. अहवाल हाती आल्यानंतर ‘तुझा कल ललितकलेकडे दिसतो’ याचा अर्थ त्या मुलाच्या आईला समजावून सांगणारे कोणी नसेल, तर तो कागद गुणपत्रिकेच्या पिशवीत पडून राहतो. काही वर्षांनी ही चाचणी थांबली. शासनाबाहेरही मराठी समाजात काम होत राहिले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून मानसशास्त्राची जोड शिक्षणाला दिली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये स्थापन झालेल्या मानसिक आरोग्य संस्थेने ‘वेध’ या परिषदांतून निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसे थेट मुलांसमोर आणली. शहरातल्या मुलांना त्याचा लाभ अधिक झाला, हे ओघानेच आले.

दरम्यान शब्दही बदलला. ‘मार्गदर्शन’ मागे पडून ‘समुपदेशन’ रूढ झाले. हा बदल केवळ भाषिक नाही. कार्ल रॉजर्स यांच्या १९४२ च्या ग्रंथानंतर, सल्ला देण्यापेक्षा ऐकून घेणे हे समुपदेशकाचे मुख्य काम मानले जाऊ लागले. मराठीने मात्र त्यासाठी जो शब्द घडविला, त्याच्या पोटात ‘उपदेश’ दडून बसला आहे, ही गंमतच म्हणावी लागेल. आपल्या शाळांत उपदेशाची कधीच टंचाई नव्हती. प्रार्थनेनंतर, वर्गात, पालकसभेत, निरोप समारंभात तो मुबलक मिळतो. समोर बसून, मध्ये न बोलता ऐकणारा प्रौढ माणूस मात्र दुर्मीळ आहे.

तो दुर्मीळ असण्याची किंमत आकड्यांत दिसू लागली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. एवढ्या मृत्यूंना एकच कारण लावणे अविचाराचे ठरेल; घर, गरिबी, आजार, अपमान, परीक्षा असे अनेक धागे त्यांत गुंतलेले असतात. पण यांतील किती मुलांना आपली घालमेल सांगण्यासाठी शाळा-महाविद्यालयात एक नेमून दिलेला माणूस होता, हा प्रश्न टाळता येत नाही. मुलाला मानसिक छळ सोसावा लागू नये, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम सांगते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९९८ पासून परीक्षेच्या काळात दूरध्वनीवर समुपदेशन सुरू केले आणि पुढे संलग्न शाळांना समुपदेशक नेमणे बंधनकारक केले. दिल्ली शासनाच्या शाळांत शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शन समुपदेशक असे स्वतंत्र पदच आहे. कोरोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, ‘मनोदर्पण’ हा केंद्रीय उपक्रम सुरू झाला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ आले, ज्याचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही विद्यार्थ्याला, पालकाला किंवा शिक्षकाला कोणत्याही वेळी लावता येतो. हा क्रमांक शाळेच्या दर्शनी भागात लिहिलेला असावा. सुविचाराच्या फळ्यावर एक कोपरा त्याला सहज मिळू शकतो.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूसंबंधीच्या प्रकरणात, देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. योग्य कायदा होईपर्यंत ते बंधनकारक आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. परीक्षेच्या व संक्रमणाच्या काळात विद्यार्थ्यांच्या लहान लहान गटांना मार्गदर्शक नेमून द्यावेत. सर्व शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावे. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, असे त्यात म्हटले आहे. सत्तर वर्षांपूर्वी आयोगाने ‘असावे’ म्हटले होते. आता न्यायालयाने ‘असलेच पाहिजे’ म्हटले. शिक्षणाच्या इतिहासात एका मदतनीसाच्या पदाने शिफारशीपासून आदेशापर्यंतचा प्रवास एवढ्या दिरंगाईने क्वचितच केला असेल, आणि तोही शिक्षणतज्ज्ञांच्या आग्रहाने नव्हे तर एका शोकाकुल पित्याच्या दाव्याने.

आदेशाने प्रश्न सुटत नाही, हे अनुदानित शाळांची पदमान्यता ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना सांगावे लागणार नाही. वेतन कोणी द्यायचे? पात्रता कोणती मानायची? एका शनिवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र मिळविलेल्या शिक्षकाला समुपदेशक म्हणून दाखविण्याचा मोह व्यवस्थेला होणारच. करिअर मास्टरच्या काळात नेमके तेच झाले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळासंकुलांतून समुपदेशक सामायिकपणे उपलब्ध करण्याची वाट सुचविली आहे. शाळासंकुलाची कल्पना मूळची कोठारी आयोगाची. दहा शाळांमागचा एक समुपदेशक अशा तऱ्हेने पुन्हा दारात उभा आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माध्यमाच्या शाळांपुढे याखेरीज आणखी एक पेच आहे. घटनेचे कलम ३५०-अ, जे १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाले, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींविषयी बोलते. प्राथमिकच्या पुढे ते जात नाही. या शाळांतील मूल दहावीनंतर एकाच वेळी शाखाही निवडते आणि माध्यमही बदलते. राज्याची प्रवेशपत्रिका कन्नड, गुजराती, तेलुगू वा हिंदीत असते, व्यवसायांची माहिती इंग्रजीत असते, आणि घरातला विचारविनिमय मराठीत चालतो. विज्ञान झेपेल का, या शंकेत ‘इंग्रजी झेपेल का’ ही खरी शंका लपलेली असते. भाषेच्या भीतीपोटी शाखा सोडणाऱ्या मुलाला अभिक्षमता नाही असे समजणे, ही मार्गदर्शनातील सर्वांत मोठी गफलत आहे. आणि मराठी न जाणणाऱ्या समुपदेशकाच्या हातून ती सहज होऊ शकते.

शंभरांहून कमी पटसंख्या असलेल्या संस्थांना न्यायालयाने स्वतंत्र समुपदेशक नेमण्याची सक्ती केलेली नाही. त्यांनी बाहेरील मानसिक आरोग्य तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत, असे निर्देशांत आहे. ज्या मराठी शाळांचा पट घसरत चालला आहे, त्यांना हीच तरतूद लागू होईल. तेव्हा त्या बाहेरच्या तज्ज्ञाची निवड करताना, पदवीच्या जोडीने त्याची भाषाही विचारावी लागेल. धारवाडच्या प्रश्नावलीत मराठी आणि कन्नड हे दोन्ही रकाने १९४० पूर्वीच भरले गेले होते.